ट्रॅक्टर तापतोय की काटा खोटं बोलतोय? छोट्या ट्रॅक्टरचं कूलिंग आणि टेंपरेचर गेज कसं तपासायचं

काम ऐन भरात आलेलं असतं, सहज डॅशबोर्डकडे नजर जाते आणि टेंपरेचरचा काटा लाल पट्ट्याला टेकलेला दिसतो. नवखा माणूस इथे दोनपैकी एक चूक हमखास करतो. एक तर घाबरून रेडिएटरचं झाकण उघडायला धावतो, नाही तर ‘याचं गेज असंच आहे’ म्हणून काम रेटत राहतो. पहिल्या चुकीत हात-तोंड भाजतं, दुसरीत इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) जातं.

पुढचं सगळं १५ ते ५० हॉर्सपॉवरच्या, कूलंटने (इंजिनात फिरून उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवाने) थंड होणाऱ्या डिझेल ट्रॅक्टरला धरून लिहिलं आहे. मेक कुठलाही असो, रचना बहुतेक सारखीच असते. तपासणीचा पहिला प्रश्नही एकच: इंजिन खरंच तापलंय, की फक्त काटा तसं म्हणतोय? याचं उत्तर मिळेपर्यंत एकही पार्ट विकत घेऊ नका. हे पस्तावून सांगतोय. एकदा काटा चढतो म्हणून मी थर्मोस्टॅट (कूलंटची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) बदलला, रेडिएटर उतरवून धुतला, कूलंट नवं भरलं. काटा तिथल्या तिथे. शेवटी सेन्सरची वायर एका ब्रॅकेटवर घासून उघडी पडलेली निघाली. इन्सुलेशन टेपचे चार वेढे, एवढंच काम होतं.

काटा लाल पट्ट्यात आहे, आत्ता काय करायचं?

आधी लोड काढा. पीटीओ (अवजार फिरवणारा शाफ्ट) बंद, अवजार खाली टेकवलेलं, गिअर न्यूट्रलला, पार्किंग ब्रेक ओढलेला. इंजिन मात्र लगेच बंद करू नका. आयडलपेक्षा थोड्या वरच्या आरपीएमवर तीन ते पाच मिनिटं चालू द्या. चालू इंजिनात पंप कूलंट फिरवत असतो आणि पंखा वारा ओढत असतो. किल्ली फिरवली की दोन्ही थांबतात, पण हेडच्या धातूत साठलेली उष्णता कुठे जात नाही. मग थांबलेलं कूलंट हेडभोवतीच उकळायला लागतं.

याला अपवाद आहेत. पुढचं काही दिसलं तर थांबू नका, इंजिन त्याच क्षणी बंद करा:

- बॉनेटखालून वाफेचा लोट येतोय, किंवा खाली कूलंटची धार लागली आहे.
- टेंपरेचरबरोबर चार्जिंगचा दिवाही लागला. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरवर पंखा, वॉटर पंप आणि अल्टरनेटर एकाच बेल्टवर फिरतात, त्यामुळे बेल्ट तुटला की दोन्ही तक्रारी जोडीने येतात.
- ऑइलचा दिवा लागला, किंवा इंजिनाचा आवाज बदलून ओढ मेली.
- चढलेला काटा, लोड तसाच असताना, एकदम थंडवर पडला.

शेवटचा अपवाद फसवा आहे, कारण काटा उतरला की माणसाला हायसं वाटतं. पण सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो तोवरच खरं सांगतो. पातळी त्याच्या खाली गेली की तो नुसत्या हवेत लटकतो आणि कमी तापमान दाखवायला लागतो. म्हणजे इंजिन कोरडं पडलेलं असतं आणि गेज म्हणत असतं, सगळं ठीक आहे.

झाकणाबद्दल. रेडिएटरच्या झाकणावर बहुधा १३ पीएसआय किंवा ०.९ बार असा आकडा असतो. तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास जाऊन उकळतं, निम्मं कूलंट मिसळलेलं त्याहून वर. गरम असताना झाकण उघडलं की दाब एका क्षणात शून्यावर येतो आणि आतलं सगळं एकदम उकळून वर उसळतं. म्हणून अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज पाइप हाताने दाबून पाहा. तो मऊ आणि कोमट लागला तरच जाड फडकं टाकून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, फसफस पूर्ण थांबू द्या, मग काढा. तापलेल्या कोरड्या इंजिनात थंड पाणी ओतायचं नाही. हेड किंवा ब्लॉकला तडा जायला तेवढं पुरतं.

ताप खरा की खोटा

पहिली चाचणी फुकटची आहे आणि ती सकाळी करायची. रात्रभर उभ्या असलेल्या गार ट्रॅक्टरची फक्त किल्ली ऑन करा, स्टार्टर मारू नका. काटा थंडवर पडून राहायला हवा. तो काही सेकंदांत मध्यावर किंवा लालमध्ये गेला, तर दोष विजेच्या बाजूला आहे. गार इंजिन दहा सेकंदांत तापत नाही. मग थेट गेजच्या भागाकडे जा.

दुसऱ्या चाचणीला इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो, तोच पिस्तुलासारखा धरून तापमान मोजायचा. वरचा होज इंजिनाला जिथे जोडलेला असतो तिथे थर्मोस्टॅटचं घर असतं आणि सेन्सर बहुधा त्याच्या आसपासच बसवलेला असतो. त्या घरावर मास्किंग टेपचा छोटा तुकडा चिकटवा किंवा मॅट काळ्या रंगाचा ठिपका द्या. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे थर्मामीटर खरं तापमान दाखवत नाही, बरंच कमी दाखवतं. नवखे लोक इथेच फसतात आणि ‘इंजिन तर ६० वरच आहे’ म्हणून गेजला दोष देतात. थर्मामीटर दहा-पंधरा सेंटिमीटरवर धरा. लांब गेलं की त्याचा ठिपका मोठा होतो आणि आजूबाजूचे भागही मोजले जातात.

ट्रॅक्टर वीस-तीस मिनिटं कामाला लावून मोजा. धातूच्या पृष्ठभागावरचा आकडा आतल्या कूलंटपेक्षा काही अंश कमीच येतो, हे धरून वाचा. ८० ते ९५ च्या दरम्यान आला आणि काटा लालमध्ये असेल, तर काटा खोटा. १०५ च्या वर गेला तर ताप खरा, लोड काढा. आकडा ९० आणि काटा थंडवर, तर पुन्हा गेजचाच दोष. आकडाही ५०-६० आणि काटाही खाली, तर इंजिन खरोखर गार चालतंय. ती वेगळी तक्रार आहे आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. तिच्याबद्दल पुढे येईलच.

चेतावणीचा लाल दिवा आणि काटा यांचं एकमेकांशी जुळत नसेल तर तोही एक पुरावा समजा. बऱ्याच मॉडेलांत दिव्याचा स्विच आणि काट्याचा सेन्सर वेगवेगळे असतात. दिवा लागला आणि काटा गप्प, तर दिव्यावर विश्वास ठेवून थांबा, आणि मग मोजा.

ताप खरा असेल तर: आधी पातळी

इंजिन गार असताना दोन जागा बघायच्या असतात, एक नाही. बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीत पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे म्हणून समाधान मानू नका. रेडिएटरचं झाकण काढून आतही बघा. टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा, हा प्रकार बराच आढळतो. इंजिन तापलं की कूलंट फुगून झाकणातून टाकीत जातं आणि गार होताना ते परत ओढून घेतलं जातं. झाकणाचं रबर कडक झालं असेल किंवा टाकीकडे जाणारी बारीक नळी चिरलेली असेल, तर परत येताना कूलंटऐवजी हवा येते. रोज थोडं जातं, परत काही येत नाही.

पातळी उतरलेली असेल तर ते कुठे गेलं ते शोधा. होजच्या क्लिपपाशी वाळलेल्या कूलंटची पांढरी किंवा रंगीत पुटं दिसतात. वॉटर पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. तिथून ओघळ आला असेल तर पंपाचं सील गेलं. ते भोक बुजवायचा मोह आवरा, ते मुद्दामच ठेवलेलं असतं. बाहेर कुठेही ओल नसून कूलंट कमी होत असेल, तर ते इंजिन पितंय असं समजायचं. ते हेड गॅस्केटचं, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचं प्रकरण, त्याच्याबद्दल पुढे.

गळती बंद करायची पावडर किंवा द्रव ओतू नका. जी वस्तू भोक बुजवते ती रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते.

मग वारा, आणि इथे घाई नको

शेतकामाच्या ट्रॅक्टरमध्ये खऱ्या तापण्याचं नेहमीचं कारण थर्मोस्टॅट नसतो, पंप नसतो, कचरा असतो. गवताचं बी, भुसा, कुसळं, धूळ. छोट्या ट्रॅक्टरचं नाक जमिनीपासून फार उंच नसतं, त्यामुळे गवत कापताना उडणारं सगळं तोच ओढून घेतो.

आधी जाळी. रेडिएटरच्या पुढे सरकवून काढता येणारी जाळी असते. ती काढून झटका. बहुतेक लोक इथेच थांबतात, पण काम इथून सुरू होतं. इंजिन बंद, किल्ली खिशात. आता एका बाजूने टॉर्च धरा आणि दुसऱ्या बाजूने रेडिएटरच्या पात्यांच्या, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांच्या, फटींतून बघा. प्रकाश सगळीकडून सारखा यायला हवा. जिथे अंधार आहे तिथे कचरा आहे. रेडिएटरच्या पुढे हायड्रॉलिक ऑइलचा कूलर किंवा एसीचा कंडेन्सर असेल, तर खरा गठ्ठा त्या दोघांच्या मधल्या फटीत असतो आणि समोरून काहीच दिसत नाही. काही मॉडेलांत बॅटरीसुद्धा रेडिएटरच्या पुढेच असते; तिच्या मागची जागाही तपासा.

साफ करताना हवा पंख्याच्या बाजूने पुढे मारायची. पंखा वारा पुढून मागे ओढतो, म्हणजे कचरा पुढून आत घुसलेला असतो. तो आला त्याच वाटेने बाहेर काढायचा. समोरून हवा मारली तर तो आणखी आत ठासला जातो. नोझल लांबून आणि पात्यांना अगदी सरळ धरा. तिरकी हवा किंवा प्रेशर वॉशरचा फवारा पाती आडवी करतो, आणि आडवी झालेली पाती म्हणजे कायमचा कचराच. ऑइलच्या ओलाव्यावर धूळ बसून लेप झाला असेल तर नुसत्या हवेने निघणार नाही. साबणाचं पाणी शिंपडून दहा मिनिटं ठेवा आणि साध्या पाइपने धुवा. रेडिएटर गार असतानाच. आणि तो लेप कशाने आला, म्हणजे ऑइल कुठून झिरपतंय, तेही बघा.

‘सकाळी नीट चालतो, दुपारी तापतो’ ही तक्रार जवळपास नेहमी याच खात्यात जाते. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकेल हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. कूलंट ९० अंशांवर धरलं, तर २० अंशांच्या हवेत फरक ७० चा. ४० अंशांच्या हवेत ५० चा. म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद दुपारी तीस टक्क्यांच्या आसपास घटते. निम्मा बुजलेला रेडिएटर गारव्यात निभावतो, उन्हात उघडा पडतो.

वाऱ्यासाठी आणखी तीन गोष्टी. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं किंवा पत्र्याचं कडं जागेवर हवं. रेडिएटरच्या कडेचे फोम किंवा रबराच्या पट्ट्या हव्यात. त्या नसतील तर इंजिनाची गरम हवा वळसा घालून पुन्हा पुढे येते आणि तीच फिरत राहते. तिसरं, पंखा उलटा बसलेला नाही ना? कुणी नुकताच पंप किंवा बेल्ट बदलला असेल तर ही शंका घ्याच. उलट्या पंख्याचा वारा दिशा बदलत नाही, नुसता अशक्त होतो, म्हणून लक्षात येत नाही. इंजिन चालू ठेवून कागद समोरच्या जाळीजवळ न्या. वाढवलेल्या आरपीएमला तो खेचला जाऊन चिकटून बसायला हवा. हा प्रयोग फक्त समोरच्या जाळीवर. बॉनेट उघडून चालू पंख्याजवळ हात न्यायचा नाही.

बेल्ट आणि झाकण, पटकन

बेल्ट दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने चांगला दाबला तर साधारण १० मिलिमीटर आत जायला हवा. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. कडा उसवलेल्या, तळाला भेगा, किंवा बाजू आरशासारख्या चकाकणाऱ्या असतील तर बदला. चकाकणारा बेल्ट ताण दिला तरी लोडखाली घसरतो.

झाकणाचं रबर बघा, स्प्रिंग दाबून बघा. गार झालेल्या इंजिनाचा वरचा होज चपटा पडलेला दिसला, तर झाकणातला आत हवा-कूलंट घेणारा छोटा व्हॉल्व्ह अडकला आहे. नवीन झाकण घेताना आकडा तोच घ्या. जास्त दाबाचं झाकण लावून तापणं थांबत नाही, फक्त उशिरा उकळतं आणि होज फुगतात.

थर्मोस्टॅट

यात मेणाची एक डबी असते. मेण तापून फुगलं की झडप उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे जायला लागतं. उघडायला लागण्याचं तापमान त्याच्यावरच कोरलेलं असतं. छोट्या डिझेल इंजिनांत ७१ किंवा ८२ अंश हे आकडे सर्रास दिसतात.

तो बंद अडकला की लक्षणं ठळक असतात: काटा भराभर चढतो, इंजिन तापलेलं, पण रेडिएटर आणि त्याचा खालचा होज गारच. खात्री करायची तर काढून पातेल्यात उकळा. दोऱ्याने पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास फट पडायला हवी आणि त्यानंतर दहा-पंधरा अंशांत तो पूर्ण उघडायला हवा. पाणी गार होताना तो नीट मिटतो का तेही बघा. परत बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, आणि छोटी हलती पिन किंवा भोक असेल तर ते वरच्या अंगाला. हवा तिथूनच निघते.

‘थर्मोस्टॅट काढूनच टाका, कटकट नको’ हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देणारच. ऐकू नका. डिझेल इंजिन गार चाललं तर इंधन नीट जळत नाही, ते सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, काजळी साठते, झीज वाढते. कामाला लावूनही काटा वर येत नसेल आणि थर्मामीटरही ५०-६० च दाखवत असेल, तर हीच अवस्था आहे: थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा आधीच्या कुणीतरी काढून टाकलाय. गार चालणारा ट्रॅक्टर रस्त्यात बंद पडत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तसाच चालवला जातो.

फिरणं कमी आहे की वारा?

इथवर सगळं ठीक निघालं आणि तरी तापतोय, तर इन्फ्रारेड थर्मामीटर पुन्हा घ्या. ट्रॅक्टर तापायला लागला असताना रेडिएटरच्या वरच्या होजचं आणि खालच्या होजचं तापमान मोजा. तेव्हा थर्मोस्टॅट पूर्ण उघडा असतो, म्हणून हा आकडा विश्वासाचा. हलक्या कामात घेतलेला नाही. फरक खूप मोठा आला, समजा ३० अंशांचा, तर कूलंट रेडिएटरमध्ये फार वेळ रेंगाळतंय. म्हणजे फिरणं कमी: पंपाच्या आतला, कूलंट ढकलणारा पंखा गंजून झिजलाय, नळ्या आतून क्षारांनी भरल्यात, किंवा खालचा होज ओढीने आत दबतोय. फरक जेमतेम दोन-चार अंशांचा आला, तर कूलंट फिरतंय पण त्याची उष्णता कुणी घेत नाही, म्हणजे पुन्हा वाऱ्याकडे जा.

आतून भरलेल्या नळ्या ओळखायला रेडिएटरच्या पृष्ठभागावर थर्मामीटर आडवा-उभा फिरवा. मधेच एखादा पट्टा गार लागला तर तिथून कूलंट जात नाही. हे बहुतेक वेळा वर्षानुवर्षं विहिरी-बोअरचं जड पाणी भरल्याचं फळ असतं. फ्लश केल्याने थोडं सुधारतं; फारच भरलं असेल तर रेडिएटर खोलून साफ करणाऱ्याकडे द्यावा लागतो.

चालवण्याची पद्धतही तपासा. पंखा आणि पंप इंजिनाच्या आरपीएमला बांधलेले असतात. मोठ्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर इंजिन गुदमरत ओढत असेल, तर उष्णता जास्त आणि वारा कमी असा दुहेरी मार बसतो. एक गिअर खाली घ्या, आरपीएम वाढवा, पुढे जाण्याचा वेग कमी करा. काही ट्रॅक्टरांचा ‘आजार’ एवढ्यानेच जातो.

हेड गॅस्केट

गार इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक होतो, पण अजून गरम नाही. झाकण काढून गारच सुरू केलं तर कूलंटमध्ये बुडबुडे येत राहतात, थांबतच नाहीत. धुराला गोडसर वास. डिपस्टिकवर दुधी रंगाचं ऑइल. यातलं काही दिसलं तर काम घरच्या घरी करायचं राहिलं नाही, मेकॅनिककडे जा. कूलंटमध्ये जळलेला वायू आहे का हे सांगणारा निळा द्रव मिळतो, वायू असला तर त्याचा रंग बदलून हिरवट किंवा पिवळा होतो. हेड खोलण्याआधी ती चाचणी करून घ्यायला सांगा. दुधी ऑइलवर इंजिन चालवत नेऊ नका, ओढून न्या.

काटाच खोटा असेल तर

नेहमीच्या विजेच्या गेजची गोष्ट साधी आहे. सेन्सरच्या आत एक रोध असतो; तो गार असताना जास्त आणि तापेल तसा कमी होत जातो. गेज त्यातून जाणारा करंट बघून काटा हलवतं. सेन्सरला एकच वायर असेल तर दुसरी बाजू म्हणजे इंजिनाचा ब्लॉक, त्याच्या आट्यांमधून मिळणारा अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हशी होणारा जोड). म्हणून सेन्सर बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे जाड वेढे देऊ नका; अर्थ कमजोर होतो आणि काटा कमी दाखवतो.

एक वायर असलेल्या सेन्सरवर ही चाचणी करा. किल्ली ऑन, इंजिन बंद. सेन्सरची वायर काढा: काटा थंडवर पडायला हवा. तो लालमध्येच राहिला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे किंवा गेज बिघडलंय. आता वायरचं टोक ब्लॉकच्या स्वच्छ धातूला सेकंदभर टेकवा: काटा गरमकडे धावायला हवा. धावला तर वायर आणि गेज दोन्ही चांगले, सेन्सर बदला. हललाच नाही तर वायर तुटली आहे, फ्यूज गेलाय किंवा गेज मेलंय. टोक जास्त वेळ टेकवून ठेवू नका, जुनं गेज जळू शकतं.

दोन किंवा जास्त पिनांचा सेन्सर असेल आणि इंजिनाला इलेक्ट्रॉनिक कंट्रोल असेल, तर हा प्रयोग करायचा नाही. तिथे मल्टिमीटरने सेन्सरचा रोध मोजून मॅन्युअलच्या तक्त्याशी ताडून बघायचा, आणि एरर कोड वाचून घ्यायचा.

सेन्सर काढून टेबलावर तपासता येतो. मल्टिमीटर ओहमवर ठेवा, सेन्सरचं टोक पाण्यात बुडवा, पाणी तापवत जा. आकडा सलग, न अडखळता उतरत जायला हवा. मधेच उड्या मारत असेल, गार-गरमात सारखाच राहत असेल किंवा काहीच दाखवत नसेल तर तो फेका. नवा घेताना त्याच मॉडेलचा घ्या. आटे जुळले म्हणजे सेन्सर जुळला असं नाही. गेज आणि सेन्सर यांचे आकडे जोडीने ठरलेले असतात. ‘बसतोय की’ म्हणून लावलेला सेन्सर कायम वीस अंश इकडे-तिकडे दाखवत राहतो, आणि मग पुढचा मालक रेडिएटर उतरवतो.

टेंपरेचर आणि डिझेलचा काटा दोन्ही एकदम वेडेवाकडे वागत असतील, तर दोन सेन्सर एकाच दिवशी बिघडले असं समजू नका. दोघांचा समाईक भाग शोधा: डॅशबोर्डचा अर्थ, फ्यूज, किंवा जुन्या गेजमागे असणारा व्होल्टेज स्टॅबिलायझर. हेडलाइट लावल्यावर काटा सरकतो हे तर कमजोर अर्थाचं ठरलेलं लक्षण. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं डॅशबोर्डच्या अर्थला लावून दिवे चालू करा, ०.२ व्होल्टहून जास्त आलं तर तो जोड खोलून, घासून, घट्ट करा. हिरवट गंज चढलेला कनेक्टर आणि उंदराने कुरतडलेली वायर ही दोन कारणं पहिल्यांदा डोळ्यांनीच शोधायची, मल्टिमीटर नंतर.

जुन्या काही ट्रॅक्टरवर वायरऐवजी तांब्याची बारीक नळी गेजपासून इंजिनापर्यंत गेलेली असते. ती मोडली किंवा पिरगळली की काटा थंडवर मरतो. ती दुरुस्त होत नाही, गेज-नळी-टोक असा अख्खा संच बदलावा लागतो.

परत भरताना

जुनं कूलंट काढताना मोजून घ्या. ५ लिटर निघालं आणि ४ लिटरच परत गेलं, तर उरलेला लिटर म्हणजे आत अडकलेली हवा, आणि ती सेन्सरपाशी किंवा हेडमध्ये अडकली की नवीनच तक्रार सुरू होते. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घ्या. इथिलीन ग्लायकॉलचं असं मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही आणि गंजही रोखतं. नुसतं कूलंट ओतल्याने जास्त फायदा होत नाही, उलट पाणी मिसळलेल्यापेक्षा ते उष्णता कमी वाहून नेतं. रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने देतात. मॅन्युअलमधला प्रकार बघा.

ट्रॅक्टर पुढून थोडा उंच राहील असा उभा करा. हळूहळू ओता, अधूनमधून वरचा होज दाबून बुडबुडे काढा. झाकण न लावता इंजिन आयडलला सुरू ठेवा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तिथे उरलेलं भरा आणि झाकण लावा. जुनं कूलंट उघड्या घमेल्यात ठेवू नका किंवा मातीत ओतू नका. ते चवीला गोड असतं आणि विषारी. कुत्री, मांजरं, गुरं चाटतात आणि दगावतात. बंद कॅनमध्ये ठेवून वापरलेलं ऑइल घेणाऱ्या ठिकाणी द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना रेडिएटरमध्ये पुन्हा बघा. दोन बोटं पातळी उतरलेली असेल तर ती राहिलेली हवा, भरून टाका. तिसऱ्या दिवशीही तेवढीच उतरली तर ती हवा नाही, गळती आहे, आणि टॉर्च घेऊन पुन्हा होजच्या क्लिपपासून सुरुवात करा. नीट चालणाऱ्या दिवशीचे आकडे मात्र आत्ताच लिहून घ्या: बाहेरची हवा किती, थर्मोस्टॅटच्या घरावर किती, वरचा-खालचा होज किती, काटा नेमका कुठे. बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलं तरी चालतं. माझ्याकडे तिथेच आहेत.